‘मी शुद्धीत होतो’ हा बचाव कोर्टात का चालत नाही?

रात्री अकरानंतरची नाकाबंदी. हवालदार गाडी बाजूला घ्यायला लावतो, काच खाली येते, आणि चालकाच्या तोंडून ठरलेलं वाक्य निघतं, "साहेब, दोनच घेतलेत. बघा, सरळ रेषेत चालून दाखवतो."

परदेशी मालिकांमध्ये पोलिस खरोखरच असं चालायला लावतात, एका पायावर उभं करतात. आपल्या कायद्यात या कसरतीला जागा नाही. दारूपुरतं बोलायचं तर तुम्ही गाडी किती सफाईने चालवत होता, हा प्रश्न मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १८५ विचारतच नाही. त्याचा प्रश्न एवढाच असतो की गाडी चालवताना किंवा चालवायचा प्रयत्न करताना तुमच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल होतं का, आणि ते चाचणीत सापडलं का.

या वाक्याचा पहिला अर्धा भाग माणसाला अडकवतो. दुसरा अर्धा भाग, म्हणजे ‘चाचणीत सापडलं का’, कधीकधी सोडवतो. खटल्यातला जवळजवळ सगळा वाद या दुसऱ्या अर्ध्यावर होतो, आणि लोक मात्र पहिल्या अर्ध्याशी भांडत बसतात.

तीस म्हणजे किती?

फार थोडं. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. तीस मिलिलिटरच्या एका स्मॉलमध्ये साधारण दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याने अंदाजे वीस मिलिग्रॅमची पातळी गाठली जाते. म्हणजे एका लार्जमध्येच चाळीसच्या आसपास. स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं आणि वजनही बहुधा कमी, त्यामुळे पंचावन्न किलोच्या बाईला एक स्मॉलसुद्धा तिसाच्या उंबरठ्यावर नेतो. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली ऐंशीच्याही पुढे. पोटात जेवण आहे का, किती वेळात प्यायली, यावर आकडे हलतात. पण ‘दोनच घेतलेत’ हे वाक्य म्हणजे बचाव नसून जवळजवळ कबुलीच आहे, एवढं यातून कळतं.

इंग्लंडमध्ये ही मर्यादा ८० आहे, अमेरिकेच्या बहुतेक राज्यांतही तेवढीच. तिकडून सुट्टीला आलेला भाचा ‘आमच्याकडे एवढं चालतं’ म्हणाला, तर त्याला किल्ली देऊ नका. त्याचंही बरोबर आहे, पण तिकडे.

याहून जास्त माणसं फसतात ती उतरण्याच्या हिशेबात. यकृत तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅम या गतीने काम करतं, आणि कडक कॉफी, लिंबूपाणी, ताक किंवा थंड पाण्याची अंघोळ यांतलं काहीही त्या गतीला धक्का लावत नाही. मध्यरात्री पातळी १५० असेल, तर सकाळी सातला ती ४५ असते. माणूस झोपून उठलेला, दाढी केलेला, डोकं बऱ्यापैकी जागेवर, आणि तरीही कायद्याच्या हिशेबात दीडपट दोषी.

दारूऐवजी अमली पदार्थ असेल, तर गणित उलटं होतं. तिथे कायद्याने ठरवलेला आकडाच नाही. गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल होता, हे सरकार पक्षाला सिद्ध करावं लागतं. ‘मी शुद्धीत होतो’ हे म्हणणं चालायचंच तर तिथे चालतं.

गाडी उभी होती, मग?

कलमात ‘चालवताना’ च्या जोडीला ‘चालवण्याचा प्रयत्न करताना’ असे शब्द आहेत. बारच्या बाहेर बंद गाडीत मागच्या सीटवर झोपलेला माणूस आणि चालकाच्या जागेवर बसून इंजिन चालू करणारा माणूस यांच्यात या शब्दांमुळे फरक पडतो. पहिल्यावर हे कलम लावणं अवघड, दुसऱ्यावर सोपं. मधल्या सगळ्या छटा पुराव्यावर ठरतात. किल्ली कुठे होती, गिअर कशात होता, कोणी काय पाहिलं. स्कूटर, मोटारसायकल, रिक्षा, ट्रॅक्टर सगळे यात आले.

महाराष्ट्रात आणखी एक हमखास उत्तर ऐकू येतं, "माझ्याकडे परवाना आहे." एक दिवसाचा असो की आजीवन, तो परवाना दारू पिण्याचा आहे, पिऊन गाडी चालवण्याचा नाही. दोन्हींचे कायदेच वेगळे.

फारशा कोणाला माहीत नसलेली गोष्ट म्हणजे कलम १८८. या गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत करणाऱ्यालाही तीच शिक्षा होऊ शकते. मित्र झिंगलेला आहे हे डोळ्यांनी दिसत असताना ‘घे रे, तूच चालव’ म्हणून आपली किल्ली त्याच्या हातात देणारा गाडीमालक या कलमाच्या अगदी जवळ जाऊन उभा राहतो. चालक अल्पवयीन असेल, तर कलम १९९अ खाली पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही.

पहिले दोन तास

माझ्या मते अशा खटल्याचा निकाल निम्म्याहून अधिक इथेच लागतो. कोर्टात पुढे जे होतं, ती या दोन तासांत काय लिहिलं गेलं आणि काय राहून गेलं याची उजळणी असते.

संशयाला वाजवी कारण असेल, तर गणवेशातला पोलिस किंवा आरटीओचा अधिकारी फुंकायला सांगू शकतो. हे कलम २०३. यंत्राने दारू दाखवली की वॉरंटशिवाय अटक करता येते. फुंकायला नकार दिला आणि संशयाला जागा असेल, तरीही अटक करता येते. पोलिस ठाण्यात नेल्यावर पुन्हा श्वासाची चाचणी देण्याची संधी द्यावी लागते. कलम २०४ खाली डॉक्टरकडून रक्ताचा नमुना घेता येतो. अटक स्त्रीची असेल आणि डॉक्टर पुरुष, तर नमुना दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीतच घ्यावा लागतो. शिवाय सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायची तर परिस्थिती अपवादात्मक असावी लागते, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगी लागते. फुंकण्याच्या चाचणीला मात्र ही अडचण येत नाही.

अटक झाल्यापासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर कोठडीतून सोडावं लागतं, असं कलम २०२ म्हणतं. याचा लोक चुकीचा अर्थ काढतात. दोन तास उलटले म्हणून गुन्हा पुसला जात नाही. माणूस सुटतो, खटला राहतो. उशीर मात्र पुढे वकिलाच्या हातात येतो, कारण उशिरा घेतलेल्या नमुन्यातला आकडा गाडी चालवतानाचा आकडा होता का, हा प्रश्न मग खरा ठरतो.

‘फुंकणारच नाही’ हा सल्ला व्हॉट्सॲपवर फिरत असतो. नकाराने गुन्हा आपोआप सिद्ध होत नाही हे खरं, पण कलम २०५ प्रमाणे समाधानकारक कारण नसलेला नकार सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी गोष्ट म्हणून धरता येतो. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा घटनेतला हक्क इथे मदतीला येईल अशीही आशा ठेवू नका. बोटांचे ठसे, हस्ताक्षराचे नमुने देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी १९६१ मध्ये, तेही मुंबई राज्यातून गेलेल्याच प्रकरणात, ठरवलं. श्वास आणि रक्त त्याच रांगेतले. हा हक्क उपयोगी पडतो तो तोंड बंद ठेवण्यापुरता. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, तरीही सुरुवातीला सांगितलेलं ते ‘दोनच घेतलेत’ न बोललेलंच बरं. शांतपणे चाचणी द्यावी, यंत्रातून निघालेली चिठ्ठी नीट पाहावी, तिच्यावरची वेळ लक्षात ठेवावी, वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत मागावी. ती मागण्याचा हक्क आहे.

शिक्षा, आणि तिच्या मागून येणारी बिलं

हेल्मेट नसल्याचा दंड फोनवर येतो आणि फोनवरच भरता येतो. कलम १८५ चं तसं नाही. हा गुन्हा जागेवर तडजोडीने मिटवण्याच्या यादीतच नाही, त्यामुळे मॅजिस्ट्रेटपुढे जावं लागतं. रस्त्यावर ‘इथेच काय ते बघून घेऊ’ असं कोणी सुचवलं, मग सुचवणारा गणवेशात असो की स्टिअरिंगमागे, तर ते दंड भरणं नसून लाच आहे.

गुन्हा जामीनपात्र आहे. पहिल्या वेळेस सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याला ‘दोन हजारांपर्यंत’ दंड होता. आता ‘पर्यंत’ हा शब्द गेला आहे. दंड करायचा तर दहा हजार.

बहुतेकांना दहा हजार भरून सुटलो असं वाटतं. खरा घाव लायसन्सवर बसतो. पोलिस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवतात आणि तिथे ते निलंबित करण्याची कारवाई सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये किमान तीन महिन्यांच्या निलंबनाचे निर्देश राज्यांना दिले होते. शिवाय कोर्टाने दोषी ठरवलं, तर कलम २० प्रमाणे किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवणं कोर्टावर बंधनकारक आहे. नोकरदाराची यात गैरसोय होते. टॅक्सी, टेम्पो किंवा स्कूलबस चालवणाऱ्याच्या घरची चूल बंद पडते. एकाच कलमाचा भार दोघांवर इतका वेगळा पडतो, याचा विचार कायद्यात कुठेही केलेला दिसत नाही.

मग विमा. अपघातात आपल्या गाडीचं नुकसान झालं आणि चालक प्यायलेला होता, तर कंपनी दावा नाकारते. २००७ साली दिल्लीत एका महागड्या गाडीचा असाच चुराडा झाला. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२१ मध्ये निकाल विमा कंपनीच्या बाजूने लागला. श्वासाची किंवा रक्ताची चाचणी नसली, तरी इतर परिस्थितीवरून चालक नशेत होता हे विमा कंपनी दाखवू शकते, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे चाचणीत त्रुटी राहिली म्हणून फौजदारी खटल्यात सुटलेला माणूस विम्याच्या पैशाला तरीही मुकू शकतो. जखमी झालेल्या तिऱ्हाइताला कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करावी, असे आदेशही कोर्टं देत आली आहेत. ती वसुली लाखांत जाते.

आणि अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलामुलींसाठी एक गोष्ट. तिथे अशा प्रकरणात नुसती अटक झाली, तरी दोषी ठरण्याची वाट न पाहता व्हिसा रद्द होऊ शकतो. अमेरिकी परराष्ट्र खातं तसं करतंही. माणूस तिथे राहून कामावर जात राहतो आणि मुंबईला लग्नाला आला की परतीची वाट नव्या मुलाखतीतून आणि वैद्यकीय तपासणीतून जाते.

कोणाला लागलं तर

इथून पुढे कलम १८५ किरकोळ वाटू लागतं. निष्काळजीपणाने मृत्यू झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण दारू पिऊन चालवणाऱ्याबाबत कोर्टं आता विचारतात की हा नुसता निष्काळजीपणा होता, की यातून कोणी मरू शकतं हे त्याला ठाऊक होतं? ठाऊक होतं असं ठरलं, तर तो सदोष मनुष्यवध, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत.

हा बदल घडवणाऱ्या निकालांपैकी एक मुंबईचाच आहे. नोव्हेंबर २००६, वांद्र्याचा कार्टर रोड. फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सात जण मेले, आठ जखमी झाले. चालक ॲलिस्टर परेरा याच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल होतं, म्हणजे मर्यादेच्या पावणेचार पट. सत्र न्यायालयाने सहा महिने दिले, उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं केली, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. सात माणसं आणि तीन वर्षं. हे गणित मला आजही पचत नाही, पण निदान त्याला लावलेलं कलम बदललं.

पुण्यातल्या कल्याणीनगरच्या प्रकरणाकडेही याच नजरेने पाहा. १९ मे २०२४ च्या पहाटे अल्पवयीन मुलाच्या पोर्शने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. जामिनाच्या अटींत त्याला लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावरून देशभर संताप उसळला. त्याहून गंभीर होता तो ससून रुग्णालयात त्याचा रक्तनमुना बदलल्याचा पोलिसांचा आरोप. डॉक्टरांना अटक झाली. नमुना बदलण्यासाठी एवढी धडपड का झाली असेल? कारण सगळा डोलारा त्या एका आकड्यावर उभा राहतो, हे पैसेवाल्यांना नीट ठाऊक असतं.

मग बचाव कशात असतो?

त्याच आकड्यात. तो कसा मिळाला, कोणी मिळवला आणि शेवटपर्यंत तोच राहिला का, यात.

श्वासाचं यंत्र रक्त मोजत नाही. ते श्वासातली वाफ मोजतं आणि तिला साधारण २१०० ने गुणून रक्तातल्या प्रमाणाचा अंदाज बांधतं. तोंडातच अल्कोहोल असेल, उदाहरणार्थ माउथवॉशचं किंवा नुकतीच आलेली ढेकर, तर आकडा फुगतो. पंधरा-वीस मिनिटांत हा परिणाम ओसरतो, म्हणून दुसरी चाचणी महत्त्वाची. पहिली फुंकर ४५ आणि वीस मिनिटांनी शून्य, असं झालं तर बचावाला काही अर्थ आहे. दुसरीही ४३ आली, तर खोकल्याच्या औषधाची गोष्ट कोर्टात सांगू नका.

यंत्र केंद्र सरकारने अधिसूचनेने मान्य केलेल्या प्रकारचं असावं लागतं. त्याची तपासणी-जुळवणी कधी झाली होती, हा रास्त प्रश्न आहे. फुंकण्यापूर्वी यंत्राचा आकडा शून्यावर होता का, हाही तितकाच रास्त. रिकाम्या हवेच्या चाचणीत यंत्र शून्य दाखवत नसेल, तर पुढच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही, या धर्तीवर केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका प्रकरणातली कलम १८५ खालची कारवाई रद्द केली.

रक्ताच्या नमुन्याचं वेगळं. सुई टोचण्यापूर्वी त्वचा कशाने पुसली? स्पिरिटच्या बोळ्याने पुसली असेल, तर वकिलाला आयतंच सापडलं. बाटलीत सोडियम फ्लोराइड होतं का? ते नसेल, तर उन्हाळ्यात नमुना आंबून त्यात नव्याने अल्कोहोल तयार होऊ शकतं. सील कोणी लावलं, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नमुना कोणाच्या ताब्यात आणि कुठल्या तापमानात होता? २००२ च्या वांद्र्यातल्या सलमान खान प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये आरोपीला निर्दोष ठरवलं, तेव्हा रक्तनमुन्याच्या या प्रवासावरच्या शंका निकालात मोठ्या होत्या. गाडी कोण चालवत होतं हेही त्यात सिद्ध झालं नाही. तो दुसरा जुना बचाव. पण आता रस्तोरस्ती कॅमेरे आहेत, तेव्हा ‘ड्रायव्हर चालवत होता’ म्हणण्यापूर्वी चौकातल्या खांबाकडे एकदा बघावं.

चाचणीच झाली नाही आणि डॉक्टरने नुसतं ‘तोंडाला दारूचा वास, बाहुल्या विस्फारलेल्या, चाल अस्थिर’ एवढं लिहिलं, तर? वास आणि चाल यांवरून दारू प्यायल्याचं निश्चित म्हणता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालय १९७१ मध्येच म्हणालं आहे. कलम १८५ तर चाचणीत सापडलेल्या प्रमाणावरच बेतलेलं आहे. विम्याच्या दाव्यात जे चालतं ते फौजदारी खटल्यात चालत नाही, ते यामुळे.

मुदतीचाही एक मुद्दा असतो. पहिल्या गुन्ह्याची कमाल शिक्षा सहा महिने असल्यामुळे, कोर्टाने त्याची दखल घेण्याची मुदत एक वर्ष आहे. कागद कुठल्यातरी कपाटात दीड वर्ष पडून राहिले असतील, तर तारखा मोजून पाहाव्यात.

घर जवळच होतं, रस्ता मोकळा होता, बायकोशी भांडण झालं होतं, मुलीची परीक्षा आहे, यांतलं काहीच गुन्हा पुसत नाही. शिक्षा ठरवताना मॅजिस्ट्रेट ऐकून घेतात, तेवढंच.

राहिला कबुलीचा प्रश्न. पहिल्या तारखेला हात जोडून गुन्हा कबूल करावा, दंड भरावा आणि कामाला लागावं, असं बहुतेक जण करतात. आकडा ११० असेल, दोन्ही चाचण्या जुळत असतील, कागद नीट असतील, तर त्यात शहाणपण आहे. आकडा ३४ असेल आणि चिठ्ठीवर वेळच नसेल, तर कबुलीपूर्वी कागदपत्रांच्या प्रती काढून एकदा वकिलाला दाखवाव्यात. कबुलीने दोषसिद्धी होते, सहा महिन्यांची अपात्रता तिच्या मागोमाग येते, आणि पुढच्या नाकाबंदीत सापडलात तर तुमच्यापुढे दुसऱ्या गुन्ह्याचं पान उघडलं जातं.